सरकारमान्य मंद मुलांची शाळा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, प्रस्तुत लेखिका ही ब्रिटिश सरकारमान्य मंद आहे. हा किताब तिला वयाच्या नवव्या वर्षी मिळाला, आजतागायत कुणी तो परत मागितलेला नाही, आणि तो मिळाल्याच्या आनंदात पुण्यात दोन किलो पेढे वाटण्यात आले होते. ज्यांनी ते खाल्ले आणि जे अद्याप हयात आहेत, त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

आता नीट सांगते.

माझे वडील हाडांचे डॉक्टर. साठच्या दशकात यॉर्कशायरमधल्या एका गावाच्या हॉस्पिटलला हाडं जोडणारा माणूस हवा होता आणि बाबांना विलायत हवी होती. ते आधी एकटे गेले. वर्षभरानं आई आणि मी जायचं ठरलं, तेव्हा बाबांनी घर बघायच्या आधी माझ्यासाठी शाळा बघायला घेतली. पुणेरी बापाला डोक्यावर छप्पर नसलं तरी चालतं, मुलीचा प्रवेश आधी लागतो. त्यांनी गावच्या शिक्षण खात्याला अर्ज केला. त्यात माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं वळणदार अक्षरात लिहिलं. थोड्याच दिवसांत उत्तर आलं. प्रवेश मंजूर.

बाबांनी लगेच पुण्याला पत्र टाकलं. ‘मुलगी विमानात बसायच्या आधी इंग्रजांनी तिला शाळेत घेतली आहे.’ त्यांच्या सांगण्यावरून काकांनी पेढे वाटले. शेजारच्या बाईंच्या मुलाचं नाव तेव्हा इंजिनिअरिंगच्या वेटिंग लिस्टवर लोंबकळत होतं. त्यांनी म्हणे पेढा तोंडात न घालता रुमालात बांधून ठेवला आणि रात्री मोलकरणीला दिला.

अशी मी वाजतगाजत शाळेत गेले.

शाळा कापडगिरणीच्या मागे होती. धुरानं काळी पडलेली दगडी इमारत, खिडक्या इतक्या उंच की बाहेरचं काही दिसू नये. गावातल्या इतर शाळा टेकडीवर होत्या. सकाळी एक बस यायची, आम्हाला गोळा करायची, टेकडीवरच्या शाळेच्या फाटकासमोरून जायची, तिथे न थांबता उतार उतरून गिरणीमागे आणून सोडायची. बसमध्ये पंजाबी मुलं, पाकिस्तानी मुलं, जमैकाची, बार्बाडोसची मुलं. गोरा एकटा ड्रायव्हर. शाळेत गेल्यावर त्यात शिकवणाऱ्या तीन बायांची भर पडायची. इमारतीवर ‘केंद्र’ असं लिहिलं होतं. काळ्या मुलांची शाळा असं तिला कुणी कधी म्हणालं नाही. इंग्रज माणूस असलं काही बोलत नाही. तो फक्त बस पाठवतो.

पहिल्या दिवशी बाईंनी मला गाईचं चित्र दाखवलं आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं, तोंड मोठं करून म्हणाल्या, “काऊ.”

मी कॅम्पातल्या नन्सच्या शाळेतून गेलेली. गाय म्हटल्यावर आमच्याकडे काय करायचं असतं ते मला ठाऊक होतं. मी उठून हाताची घडी घातली आणि सुरू केलं. “द काऊ इज अ डोमेस्टिक अ‍ॅनिमल. शी हॅज फोर लेग्ज, टू हॉर्न्स अँड अ लाँग टेल.” शेणाच्या उपयोगापर्यंत पोचले तेव्हा बाईंनी हातानं बसवलं आणि दारातल्या दुसऱ्या बाईंना म्हणाल्या, “पोपट आहे. अर्थ कळत नाही बिचारीला.”

शेजारी बसलेली मुलगी जमैकाची होती. ती तान्ही असताना इथे आलेली. इंग्रजीशिवाय दुसरी भाषा तिला येत नव्हती, आणि तीही अस्सल यॉर्कशायरी हेल काढून. ती माझ्या कानाशी म्हणाली, “तुला बरं आहे. मला दोन वर्षं झाली. तीच गाय.”

आमची मैत्री जमली ती अशी, गोमातेच्या साक्षीनं.

मी तिथून सुटले त्यात माझी काही हुशारी नव्हती. दोन वर्षांनी बाबांना बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी मिळाली, तिथल्या साध्या शाळेत माझं नाव घातलं, आणि मला मंद म्हणायला सगळे विसरले ते विसरलेच. पुढे मी फार्मसिस्ट झाले. मैत्रीण मात्र पंधराव्या वर्षापर्यंत त्याच इमारतीत होती. बाहेर पडली तेव्हा हातात एकाही परीक्षेचा दाखला नव्हता. नंतर तिनं नोकरी करत संध्याकाळच्या वर्गांना जाऊन एकेक परीक्षा दिली आणि शेवटी अशा जागी जाऊन बसली की मी अजूनही आठवून हसते. ती ड्रायव्हिंग टेस्ट घेणारी एक्झामिनर झाली. ज्या गावानं तिला नापास केलं होतं, त्या गावाला ती रोज सकाळी नऊपासून नापास करायची.

लग्नानंतर मी त्याच गावात परत आले. आई गेल्यावर बाबाही आमच्याकडे राहायला आले.

दोन हजार सालानंतरच्या त्या दिवसांत यॉर्कशायरला एक रोग जडला होता. जुनी गिरणी दिसली की तिचे फ्लॅट्स करायचे. आमच्या शाळेचेही ठरले. जिथे आम्ही गाय शिकलो तिथे आता लीड्सच्या बँकांतली मुलं ओपन किचनमध्ये पास्ता उकडणार होती. पण फ्लॅट विकायचा तर भिंतीला इतिहास हवा, म्हणून दारात एक बोर्ड लावायचं ठरलं, आणि मजकुराचं काम गावच्या हिस्टरी कमिटीकडे आलं.

एका संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. आवाज टेस्ट घेताना असतो तसा, सपाट.

“बोर्डावर काय लिहितायत माहीत आहे? ऐक. ‘या केंद्रात, काळजीपूर्वक चाचणी घेऊन मागे पडलेल्या ठरलेल्या परदेशी मुलांना मायेनं शिकवलं जात असे.’”

“मायेनं?” मी म्हटलं. “हातावर बसायची ती पट्टी मायेची होती होय!”

“माया ठेवू देत त्यांना. मला चाचणी नको आहे तिथे. माझी कुणी चाचणी घेतली नव्हती.”

ती इतकी का अडून बसलीय ते मला माहीत होतं. तिची आई ऐंशी ओलांडलेली, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. शिक्षण खात्यानं त्या काळी आईला सांगितलं होतं की तुमच्या मुलीला तपासलंय, ती मंद आहे, इथे सही करा. आईनं सही केली. साहेब लोक तपासल्याशिवाय बोलतील कसे? तेव्हापासून दर रविवारी चर्च सुटल्यावर ती माऊली मुलीचा दंड धरून नव्या माणसाला सांगायची, “लहानपणी फार मंद होती हो. तपासलंच होतं ना तिला. देवानं वर काढली.” आणि सत्तेचाळीस वर्षांची एक्झामिनर शेजारी मान खाली घालून उभी राहायची.

“बोर्डाच्या उद्घाटनाला आई येणार आहे,” ती म्हणाली. “तिनं तिथेही तेच वाचायचं का? पितळेत कोरलेलं?”

आम्ही दोघी कमिटीसमोर गेलो. लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर चार टेबलं जोडलेली, मध्ये बिस्किटांची बशी. अध्यक्ष म्हणजे शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. आमची शाळा सुरू होती तेव्हा ते त्या खात्यात नवेनवे अधिकारी होते. केस असे विंचरलेले की एकाही केसाला स्वतःचं मत असू नये. गावच्या इतिहासाची किल्ली त्यांच्याकडे होती, आणि हे मी अलंकारिक बोलत नाही. कमिटीच्या कपाटाची किल्ली ते खरोखरच कोटाच्या खिशात ठेवायचे आणि बोलताना वरून चाचपायचे.

“एक शब्द काढायचाय,” मैत्रीण म्हणाली. “चाचणी.”

“लव्हली,” अध्यक्ष म्हणाले. ते सगळ्यालाच लव्हली म्हणायचे. “अक्षर लहान वाटतंय का?”

“चाचणी झालीच नव्हती.”

“मॅडम, तुम्ही तेव्हा सात वर्षांच्या होतात. लहानपणच्या आठवणी फार फसव्या असतात.”

“मी दिवसाला सात टेस्ट घेते,” ती म्हणाली. “टेस्ट म्हणजे काय ते मला कळतं. एक कागद असतो, त्यावर खुणा असतात, शेवटी निकाल असतो. आणि नापास झालेला माणूस ती जन्मभर विसरत नाही. हवं तर तुमच्या चिरंजीवांना विचारा.”

बिस्किटाकडे गेलेले दोन हात जागच्या जागी थांबले. चिरंजीव तिच्या शेजारी बसून चारदा नापास झाले होते, आणि चौथ्यांदा तर पोस्टाच्या पेटीला धडकून. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

अध्यक्षांनी किल्ली चाचपली. “खात्याची पद्धत होती. प्रत्येक मुलाला तपासूनच तिथे पाठवलं जाई. दुर्दैवानं ती रजिस्टरं तळघरात पाणी शिरून गेली. आता पुराव्याशिवाय इतिहास कसा बदलायचा? तुमच्याकडे एखादा कागद असेल तर आणा. आम्ही आनंदानं बदलू.”

कागद! ज्या देशावर दीडशे वर्षं राज्य करून आले, तिथल्या मध्यमवर्गाची एवढीही ओळख नसावी? मराठी माणसाकडे माणुसकी मागा, तो विचार करील. कागद मागा, तो विचारेल मूळ प्रत हवी की खरी नक्कल.

बाबांच्या पलंगाखाली एक तपकिरी सूटकेस होती. डांबराच्या गोळ्यांच्या वासात तिथे आमचा सगळा वंश झोपलेला. मरून वीस वर्षं झालेल्या फ्रिजचं वॉरंटी कार्ड, माझ्या टॉन्सिलचा रिपोर्ट, आईच्या पहिल्या चष्म्याचा नंबर. एका फाइलवर लिहिलं होतं, ‘कन्या – शिक्षण’.

“बाबा, ते शाळेच्या प्रवेशाचं पत्र आहे का हो?”

बाबांचा चेहरा उजळला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीसुद्धा त्या पत्राचा विषय निघाला की त्यांची पाठ ताठ व्हायची. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला येणाऱ्या प्रत्येक नव्या डॉक्टरला त्यांनी ते सांगितलेलं होतं. “बघ,” दोन बोटांनी पत्र उचलत ते म्हणाले. “विमानात बसायच्या आधी!”

मी पहिल्यांदाच ते पूर्ण वाचलं. वर प्रवेश मंजूर. खाली दुसरा परिच्छेद. ‘आपल्या मुलीची या कार्यालयाने काळजीपूर्वक चाचणी घेतली असून तिचे आकलन सामान्य मुलांपेक्षा कमी असल्याचे आढळून आले आहे.’ खाली सही. वर तारीख.

“बाबा, आईचा पासपोर्ट कुठाय?”

तो अर्थातच पुढच्याच फाइलमध्ये होता. त्या काळी मुलांची नावं आईच्या पासपोर्टवर असत. माझा दोन वेण्यांचा फोटो, आणि पुढच्या पानावर लंडनच्या विमानतळाचा शिक्का. पत्र त्याच्या एकोणीस दिवस आधीचं.

“बाबा, यांनी माझी चाचणी घेतली तेव्हा मी पुण्यात होते.”

“इंग्रजांची शिस्त ती,” बाबा अभिमानानं म्हणाले. आणि मग, फ्रॅक्चर दिसायला एक्स-रे जरा उजेडाकडे धरावा लागतो तसं, त्यांनी पत्र खिडकीकडे धरलं. बराच वेळ धरलं.

“तारीख चुकली असेल.”

“आणि दुसरा परिच्छेद?”

“मी तो कधी…” त्यांनी चष्मा काढला. “अगं, प्रवेश मंजूर म्हटल्यावर पुढे कोण वाचतं?”

कुणी नाही. चाळीस वर्षं ते पत्र डॉक्टरांनी, इंजिनिअरांनी, सुवर्णपदकवाल्यांनी हातात घेऊन पाहिलं, आणि सगळ्यांनी वरची ओळ वाचून वा वा केलं. अख्ख्या महाराष्ट्र मंडळाचं आकलन तपासायचं तर एवढा एक कागद पुरे होता.

“तिथे काय शिकवायचे तुला?” बाबांनी विचारलं.

“गाय.”

“आणि?”

“शेवटी शेवटी बकरीही होती.”

“मग तू सांगितलं का नाहीस मला तेव्हा?”

“तुम्ही पेढे वाटले होतेत ना, बाबा.”

 बाबा पत्र आधीच्या घडीवर घडी घालून ठेवायला लागले, तसा मी त्यांचा हात धरला. म्हटलं, हे मला कमिटीत न्यायचंय. ते दचकले.

“लोकांत? अगं, मंडळात कळलं तर? इतकी वर्षं मी सगळ्यांना…” मग आवाज खाली आणून, “आपण त्यांच्यातले नव्हतो गं. डॉक्टरांची मुलगी तू. त्या शाळेत चुकून गेलीस.”

इथे माझं डोकं सटकलं. आपण त्यांच्यातले नव्हतो! त्याच बसमध्ये बसलो, त्याच उताराला लागलो, तीच गाय, आणि तरी आमच्या लोकांना वाटतं की गोऱ्याच्या यादीत आपल्या नावापुढे ‘देशस्थ’ असं कंसात लिहिलं असेल. मी बाबांना मैत्रिणीच्या आईबद्दल सांगितलं. रविवार, चर्चचं दार, दंड धरून सांगणं, सगळं. “त्या बाईंनीही साहेबांवर विश्वासच ठेवला, बाबा. तुमच्यासारखाच. फक्त त्यांना खालचा परिच्छेद वाचून दाखवला होता.”

बाबा उठून आपल्या खोलीत गेले. मला वाटलं संपलं. कमिटीच्या पुढच्या मीटिंगच्या सकाळी बाबा खाली उतरले तेव्हा अंगावर हॉस्पिटलच्या निरोपसमारंभाचा सूट होता, टाय होता, आणि काखेत फाइल.

“मूळ प्रत आहे,” ते म्हणाले. “तुझ्या हातात देणार नाही. तू पर्समध्ये कोंबतेस.”

लायब्ररीत आम्ही तिघं एका बाजूला बसलो. बाबांनी पत्र टेबलावर ठेवलं, शेजारी पासपोर्ट उघडून ठेवला, आणि दोन्हींवर एकेक बोट.

“माझ्या मुलीची चाचणी,” ते त्यांच्या संथ वॉर्डराउंडच्या इंग्रजीत म्हणाले, “तुमच्या खात्यानं तिच्यापासून साडेचार हजार मैलांवर बसून घेतली. मी हाडांचा डॉक्टर. पेशंट देशात यायच्या आधी मी त्याला प्लास्टर घातलं असतं, तर तुम्ही मला ठेवलं असतं का नोकरीवर?”

कमिटीतल्या एक बाई हसल्या आणि मग खोकल्या. पत्र हातोहात फिरलं. अध्यक्षांपाशी आलं तेव्हा ते सहीवर जरा जास्त वेळ थांबले, कारण सही त्यांचीच होती. तरुण, झोकदार, खाली दोन रेघा मारलेली.

“हां,” ते म्हणाले. “लव्हली. हे आमच्या कार्यालयीन गडबडीत झालेलं दिसतं. डॉक्टरसाहेब, मी व्यक्तिशः दिलगीर आहे. तुमचं प्रकरण अपवाद होतं.”

आणि मी बाबांकडे पाहिलं. खरं सांगते, क्षणभर मला भीती वाटली. अपवाद या शब्दावर आमचा माणूस विरघळतो. चहा पाजून अपवाद म्हणा, तो तुमच्या बाजूनं सही करून देईल. बाबांची मान हलायलाही लागली होती. पण ते म्हणाले, “मी माझ्या प्रकरणासाठी आलो नाही. यांचं काय झालं ते सांगा.”

 मैत्रिणीनं पर्समधून पेन काढलं, टोपण उघडलं आणि कागद पुढे ओढला. त्या गावात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला त्या हालचालीचा अर्थ माहीत होता.

“या मॅडमची गोष्ट वेगळी,” अध्यक्ष घाईनं म्हणाले. “त्यांना तपासलं होतं. ते मला स्पष्ट आठवतंय. मी स्वतः गेलो होतो.”

“कुठे?” तिनं विचारलं.

“टेकडीवरच्या शाळेत. तुम्ही आधी तिथेच होता.”

“मला काय विचारलंत?”

“विचारलं असं नाही.”

“काही लिहायला दिलंत?”

“नाही, तशी गरज…”

“वाचायला? मोजायला? माझ्याशी बोललात तरी?”

“अहो, मी सांगतोय ना, मी गेलो होतो!” किल्लीचा खिसा सोडून दोन्ही हात टेबलावर आले, कान लाल झाले, आणि चाळीस वर्षं खात्याच्या तळघरात पाण्याखाली गेलेलं ते रजिस्टर त्या गृहस्थांच्या तोंडातून सबंध बाहेर पडलं.

“डॉक्टरांच्या मुलीचं नाव वाचूनच समजलं होतं, पण हिचं नाव पडलं आमच्यासारखं इंग्रजी, म्हणून हिच्या वेळेला मला वर्गाच्या दारापर्यंत जाऊन बघून यावं लागलं!”